खाडीकाठच्या गंजाला जर्नलमध्ये जागा का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी असतेच, अमुक कॉलेजच्या सायन्स डिपार्टमेंटचे इतके रिसर्च पेपर आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आले, शेजारी सगळ्या स्टाफचा ग्रुप फोटो. मी ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण त्यात केमिस्ट्रीचं काही असलं तर ते माझ्या पोटापाण्याचं आहे. पण किती पेपर झाले ते कळतं, कशावर झाले ते कधीच कळत नाही. आणि मला तर हल्ली तेवढंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून हे पत्र. थोडं मोठं झालंय पण शक्य असेल तर कापू नका.

मी गेली २४ वर्षं रबाळे एमआयडीसीत एका प्लेटिंग युनिटच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. नट-बोल्ट, ब्रॅकेट, क्लॅम्प, गाड्यांचे लहानमोठे पार्ट यांना जस्ताचा नाहीतर निकेलचा मुलामा द्यायचा हे आमचं काम, आणि त्या टाक्यांची तब्येत सांभाळायची हे माझं. राहते ऐरोलीत, खाडी घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणजे दिवसभर लोखंड गंजू नये म्हणून धडपडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीच्या ग्रिलला आलेला गंज बघायचा, असं माझं आयुष्य इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतच, म्हणजे वीज आणि रसायनांच्या शास्त्रातच, गेलंय.

एमएस्सीला असताना मी मुंबईतल्या एका लायब्ररीत जाऊन जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीचे जुने बांधीव खंड बघायचे. ही अमेरिकेतली सोसायटी १९०२ ची, म्हणजे विषय किती जुना बघा. त्या खंडांच्या अनुक्रमणिका मला अजून डोळ्यासमोर दिसतात, कारण त्यात सगळं जग होतं: निकेलच्या बाथमधला (मुलाम्याच्या टाकीतल्या द्रावणातला) चकाकी आणणारा ब्राइटनर नेमकं काय करतो, कॉस्टिक सोड्याच्या सेलमध्ये करंट कुठे वाया जातो, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर कसा चढतो, लेड-अॅसिड बॅटरीची प्लेट का सडते, समुद्राच्या पाण्यात स्टीलला खड्डे कसे पडतात. पुढे १९५९ साली इलेक्ट्रोकिमिका अॅक्टा आणि जर्नल ऑफ इलेक्ट्रोअॅनालिटिकल केमिस्ट्री ही दोन्ही सुरू झाली, आपल्याकडे तमिळनाडूत कारैकुडीला १९४८ मध्ये नेहरूंनी पायाभरणी केलेली सीईसीआरआय ही आख्खी संस्था ह्याच विषयाला वाहिलेली, त्यांचं स्वतःचं बुलेटिनसुद्धा निघायचं आणि त्याच्या झेरॉक्स आमच्या जुन्या साहेबांकडे होत्या, त्या वाचून मी कामाला लागले असं म्हटलं तरी चालेल.

ह्या गणपतीत माझी भाची घरी आली होती, ती पीएचडी करतेय, विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे झटकन चार्ज होणारं वीज साठवायचं साधन. आरती-जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं की तुमच्या जर्नलचा नवा अंक दाखव ना मला, तिने लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघी अनुक्रमणिका खाली खाली सरकवत बसलो. लिथियम-आयन, सोडियम-आयन, झिंक-आयन, सॉलिड इलेक्ट्रोलाइट, पाण्यापासून हायड्रोजन काढायचे कॅटॅलिस्ट (क्रिया वेगाने घडवणारे पदार्थ), ऑक्सिजनचे कॅटॅलिस्ट, कार्बन डायऑक्साइडपासून इंधन, ग्राफीनचे सेन्सर, एमओएफ, एमएक्सीन असले नवे पदार्थ, आणि मधूनमधून मशीन लर्निंग. मी वाट बघत होते की आता येईल प्लेटिंगचा एखादा पेपर, आता येईल, आणि एवढं खाली गेल्यावर एक आला तोसुद्धा चिपमधल्या तांब्याच्या तारांवर होता. मी म्हटलं, अगं बाकीचं गेलं कुठे सगळं? तर ती म्हणाली, मावशी, प्लेटिंगवर आता कोण पेपर घेतं गं, इम्पॅक्ट फॅक्टर पडतो त्याने. (इतर लोक जर्नलमधल्या पेपरचे दाखले किती देतात त्यावरून जर्नलचा दर्जा सांगणारा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर.)

मला बॅटरीच्या संशोधनाबद्दल आकस नाही हे आधीच सांगते. उलट एक पेपर कुठवर जाऊ शकतो ह्याचा सगळ्यात चांगला दाखला बॅटरीचाच आहे. १९९७ मध्ये ह्याच इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ ह्यांचा लोह-फॉस्फेटवरचा पेपर आला, पहिली दोन नावं आपल्याकडची वाटतात ना, आणि आज एलएफपी बॅटरी म्हणून जी गाड्यांमध्ये, रिक्षांमध्ये, घरच्या इन्व्हर्टरमध्ये बसतेय ती ह्याच पेपरातून निघालेली. गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे महागडं कोबाल्ट सोडून लोखंड आणि फॉस्फेट असं स्वस्त, सहज मिळणारं साहित्य त्यांनी घेतलं. शिवाय पैसाही आता तिकडेच आहे, केंद्राच्या ग्रीन हायड्रोजन मिशनला २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले, मग मुलं इलेक्ट्रोलायझरकडे आणि कॅटॅलिस्टकडे वळणारच, त्यांना नोकऱ्या हव्यात, फेलोशिप हवी, त्यात त्यांचं काय चुकलं. माझी तक्रार वेगळी आहे. विषय प्रश्नावरून ठरत नाहीये, विषय कुठे छापून येईल त्यावरून ठरतोय, आणि एकदा तसं झालं की मग मोजमापसुद्धा हळूहळू तसंच व्हायला लागतं.

भाचीचंच सांगते, तिची परवानगी घेतलीये. ती निकेल फोमवर निकेल-कोबाल्ट ऑक्साइडचा थर चढवते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्याची कपॅसिटी मोजते. निकेल फोम म्हणजे निकेलचाच स्पंज, भांडी घासायच्या स्क्रबरसारखा दिसतो पण खूप बारीक छिद्रांचा. मी विचारलं, थर किती वजनाचा? म्हणाली एक मिलिग्रॅम. आणि फोमचा तुकडा? तो तीस-चाळीस मिलिग्रॅमचा. आणि उत्तर कशात लिहितेस? फॅरड दर ग्रॅमला. म्हणजे एक मिलिग्रॅमवर जे मिळालं त्याला हजाराने गुणायचं आणि मधल्या त्या चाळीस मिलिग्रॅम निकेलने काही केलंच नाही असं धरून चालायचं. मी म्हटलं, बाई गं, निकेल अल्कलीत बुडवून करंट दिलास तर त्याच्या अंगावर हायड्रॉक्साइड येतं, तेच मागेपुढे होत राहतं, आमच्या युनिटमध्ये हे नवीन हेल्परलासुद्धा दिसतं की निकेलची पट्टी अल्कलीत काळी पडते. तू नुसता फोम, काहीही न चढवता, तसाच बुडवून बघितलास का कधी?

तिने नव्हता बघितला. सुट्टीनंतर लॅबमध्ये जाऊन बघितला आणि मला रात्री साडेदहाला फोन केला, मावशी, नुसत्या फोमलाही ग्राफवर तशीच शिखरं येतायत, त्याच जागी. लहान आहेत पण आहेत. तिचा आवाज थोडा घाबरलेलाच होता. मी म्हटलं, छान झालं, आता हे वजा कर आणि जे उरेल ते तुझं खरं. पण तिच्या गाइडनी सांगितलं की हा ग्राफ पेपरात घालू नकोस, पेपर तपासणारे रिव्ह्यूअर उगाच शंका काढतील. मी त्या सरांना ओळखत नाही, ते वाईट असतील असंही मला वाटत नाही, त्यांच्यावरही वरून पेपरच्या आकड्याचं ओझं असणार. पण एका मुलीने नीट प्रयोग केला, तिला खरं दिसलं, आणि ते खरं बाजूला ठेव असं तिला शिकवलं गेलं, ह्याचं मला फार वाईट वाटलं. दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, आणि ह्यावर बोलणारे लोकही आहेत. २०११ मध्येच सायन्स नियतकालिकात गोगोत्सी आणि सिमॉन ह्यांनी लिहिलं होतं की इतक्या पातळ थरावरचे आकडे खऱ्या सेलला लागू होत नाहीत, बाजारातल्या इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास माल असतो. २०१५ मध्ये इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्याच जर्नलमध्ये ब्रूस आणि त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं की निकेल-कोबाल्टच्या असल्या पदार्थांना सुपरकपॅसिटर म्हणूच नका, ते बॅटरीसारखे वागतात. म्हणजे आमची भाची ज्यात अडकलीये ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय, छापून आलंय, आणि तरी त्याच पद्धतीचे पेपर येतच राहतात. अमोनियाचंही तसंच. हवेतल्या नायट्रोजनपासून विजेने अमोनिया केला असे कितीतरी पेपर आले, मग २०१९ मध्ये नेचरमध्ये एका गटाने नीट नियमावलीच मांडली की आधी नायट्रोजनचा जड आयसोटोप, म्हणजे वेगळा ओळखू येणारा जड नायट्रोजन, वापरून खात्री करा, कारण अमोनिया हवेत असतो, ग्लोव्ह्जवर असतो, माणसाच्या श्वासात असतो, तुम्ही तोच मोजत नाही ना ते बघा. आणि २०२० मध्ये प्रागच्या प्युमेरा ह्यांच्या गटाने तर ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळून दाखवली, आणि साध्या ग्राफीनपेक्षा ती जास्त चांगली कॅटॅलिस्ट ठरली. त्यांना सांगायचं होतं ते इतकंच, की काहीही मिसळलं तरी थोडं चांगलं होतं, मग प्रत्येक मिश्रणाचा एक वेगळा पेपर कशाला काढता.

एक गोष्ट मात्र मला आमच्या धंद्यातली म्हणून फारच लागली. प्लॅटिनम महाग म्हणून प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन काढणारा कॅटॅलिस्ट शोधायचा, ह्यावर जगभर काम चालू आहे. आता हा कॅटॅलिस्ट अॅसिडमध्ये तपासताना समोरचा दुसरा इलेक्ट्रोड म्हणून बऱ्याच जणांनी प्लॅटिनमचीच तार लावली. त्या तारेवरचं प्लॅटिनम कणाकणाने सुटतं, द्रावणातून जातं आणि तपासणीच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं. मग कॅटॅलिस्ट जसजसा वापराल तसतसा सुधारत जातो, आणि माणूस खूश. अहो, ह्याला आम्ही प्लेटिंग म्हणतो. अॅनोड विरघळतो आणि कॅथोडवर चढतो, रोज सकाळी नऊ वाजता रेक्टिफायर चालू केला की आम्ही हेच करतो. पुढे जर्नलनी नियम केले की प्लॅटिनमऐवजी कार्बनचा इलेक्ट्रोड लावा, चांगलं केलं. पण जर्नलमधून आणि कॉलेजमधून प्लेटिंग हा विषयच हद्दपार झाला नसता तर ही चूक इतकी वर्षं चालली असती का, असं मला राहून राहून वाटतं.

आमच्याकडे हल सेल नावाची एक छोटी तिरकी टाकी असते, २६७ मिलिलिटरची, १९३० च्या दशकात हल नावाच्या माणसाने काढलेली. तिच्यात बाथमधलं द्रावण घ्यायचं, एका बाजूला अॅनोड आणि तिरक्या बाजूला पॉलिश केलेला पत्रा लावायचा, ठरलेला करंट ठरलेली मिनिटं द्यायचा आणि पत्रा बाहेर काढून धुवून उजेडात धरायचा. अॅनोडच्या जवळचं टोक जळकं दिसलं तर एक अर्थ, लांबचं टोक काळपट दिसलं तर दुसरा, मध्ये ढगासारखे पट्टे आले तर ब्राइटनर बिघडला. माझ्या कपाटात २००१ पासूनचे असे पत्रे तारीख टाकून ठेवलेत, त्यावर गंज येऊ नये म्हणून लाखेचा हात मारलेला. हे मी का सांगतेय तर ह्यातले निम्म्याहून जास्त पत्रे बिघडलेल्या बाथचे आहेत आणि मी शिकले ते त्यांच्यावरूनच. फॅरडेने १८३४ मध्ये सांगितलं त्या हिशोबाने एका अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम जस्त चढायला हवं, प्रत्यक्षात तेवढं चढत नाही, आणि का चढत नाही ह्याच प्रश्नावर माझी २४ वर्षं गेलीयत. पण जर्नलमध्ये बिघडलेला पत्रा कुणी छापत नाही. न जमलेला प्रयोग, दुसऱ्याचा केलेला प्रयोग पुन्हा करून बघितला आणि तो तसा आला नाही, हे छापायला जागाच नाही, आणि छापलंच तरी प्रमोशनच्या फाइलमध्ये त्याला काही किंमत नाही.

आता गंजाचं. मला माहितीये की काही वाचक म्हणतील गंजाची वेगळी जर्नल्स आहेत, कोरोजन सायन्स १९६१ पासून निघतंच आहे. बरोबर आहे. पण आपल्याकडे गंजावर जे पेपर निघतात ते एकदा उघडून बघा. कडुलिंबाच्या पानांचा अर्क, शेवग्याचा अर्क, कोरफडीचा अर्क, संत्र्याच्या सालीचा अर्क, माइल्ड स्टील, एक मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिड, आणि शेवटी नव्वद टक्क्यांच्या वर संरक्षण. पान बदललं की नवा पेपर. मी स्वतः पिकलिंगच्या, म्हणजे मुलाम्याआधी गंज काढायच्या, टाकीपाशी उभी राहते, तिथे अॅसिड असतं आणि त्याने लोखंडच खाल्लं जाऊ नये म्हणून इन्हिबिटर आम्हाला खरंच लागतो, त्यामुळे हे काम बिनकामाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो अर्क टाकीत टाकल्यावर आठवड्याने कुजतो का, त्याचा वास येतो का, पुढच्या प्लेटिंगच्या टाकीत वाहून गेला तर निकेल काळं पडतं का, ह्याचं उत्तर मला एकाही पेपरात सापडलेलं नाही. आणि ठाण्याच्या खाडीत एक मोलर अॅसिड नाहीये. तिथे मीठ आहे, भरती-ओहोटी आहे, कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी आहे, चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने खारं वारं आहे.

आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हाची गोष्ट. बिल्डिंग तीस वर्षांची झाली की ते करावंच लागतं. ऑडिटवाल्या इंजिनिअरने जिन्याखालच्या कॉलमला भोक पाडून एक वायर सळईला जोडली आणि दुसऱ्या वायरला तांब्याची कांडी असलेली, निळ्या मोरचुदाच्या पाण्याने भरलेली नळी लावून ती ओल्या स्पंजवरून काँक्रीटवर टेकवत गेला. मीटरवर आकडे येत होते, उणे २१०, उणे २८०, मग खाडीच्या बाजूच्या कॉलमवर उणे ४३०. सोसायटीतल्या काकांना वाटलं करंट लागेल म्हणून ते मागे सरकले, मी मात्र पुढे झाले, कारण हा माझा आकडा होता, उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्के, हे मला पाठ आहे. नवीन काँक्रीटचा पीएच बाराच्या वर असतो, त्यात सळई सुखात असते, तिच्या अंगावर एक पातळ थर असतो तो तिला राखतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड झिरपत आत गेलं की तो थर फुटतो, गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो, आतून फुगतो आणि स्लॅबचे पोपडे खाली येतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा असाच एक तुकडा पडला, खाली त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून बरं.

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, त्याच्या आतल्या ताणलेल्या केबल गंजल्या, वाहतूक कमी करावी लागली आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. म्हणजे शंभर वर्षं टिकायची वस्तू पंचवीस वर्षांत हातघाईला आली, ती आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच खाडीत. २०१६ मध्ये नेस ह्या गंजाच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हिशोब केला होता, जगाचं गंजामुळे वर्षाला अडीच ट्रिलियन डॉलरचं नुकसान होतं, जगाच्या एकूण उत्पादनाच्या ३.४ टक्के, आणि आत्ता जे माहिती आहे तेवढं जरी नीट वापरलं तरी त्यातलं १५ ते ३५ टक्के वाचेल. इतका मोठा प्रश्न दारात असताना दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आणि वागळे इस्टेटपासून घोडबंदरपर्यंतच्या कॉलेजांमध्ये किती मुलांना एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय दिला जातो? वाशीतल्या, कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड किती खोल गेलंय हे मोजायला लिथियम लागत नाही, सिल्व्हर नायट्रेट आणि ड्रिल मशीन लागतं.

नियमांबद्दल दोन शब्द. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती काढली, २०२५ मध्ये मान्य जर्नल्सची केअर लिस्टही बंद केली. सक्ती गेली ते माझ्या मते चांगलंच झालं, पण मनातली सक्ती कुठे गेलीये, कॉलेजला मानांकनासाठी पेपर हवेत, सरांना प्रमोशनसाठी हवेत, मुलीला पुढच्या पोस्टसाठी हवेत. पैसे भरून छापणारी जर्नल्स ह्याच गरजेवर जगतात. २०२३ मध्ये हिंदावी ह्या प्रकाशकाचे आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. आणि २०२४ मध्ये लिथियम बॅटरीवरचाच एक पेपर एका नामांकित प्रकाशकाच्या जर्नलमध्ये आला, त्याची पहिलीच ओळ चॅटबॉटचं उत्तर जशीच्या तशी चिकटवलेली होती, की तुमच्या विषयासाठी ही घ्या प्रस्तावना. लेखकांनी वाचली नाही, रिव्ह्यूअरनी वाचली नाही, संपादकांनी वाचली नाही. पेपर नंतर मागे घेतला गेला. पण जी वस्तू पहिल्या ओळीपासून कुणी वाचतच नाही ती कुणासाठी लिहितोय आपण, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

कारण वाचायला आम्ही तयार आहोत. मला पेपर वाचायचाय आणि मला तो मिळत नाही. एक पेपर उघडायचा तर चाळीस डॉलरच्या आसपास मागतात, म्हणजे तीन हजारांच्या वर, आणि उघडल्याशिवाय तो माझ्या कामाचा आहे की नाही ते कळत नाही. लेखकाने स्वतः पैसे भरून तो सगळ्यांना मोकळा करायचा म्हटलं तर दोन-तीन लाख लागतात, महिना ३७ हजार फेलोशिपवाली मुलगी कुठून आणणार. सरकारने २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू केलं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, तेरा हजारांच्या घरात जर्नल्स, हे खरंच मोठं काम झालं आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण ते सरकारी संस्थांसाठी आहे. रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या युनिटमधला केमिस्ट त्यात कुठेच नाही, खाजगी कॉलेजमधली मुलंही बहुतेक बाहेरच आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, अशा सार्वजनिक वाचनालयात एक कॉम्प्युटर ठेवून तिथे बसून ही जर्नल्स वाचू दिली तर काय बिघडेल? पैसे तर आपल्या सगळ्यांच्या टॅक्सचेच आहेत. मी शनिवारची सुट्टी घालवून जाईन, कळव्याहून, वागळेहून अजून चार जण येतील हे मी खात्रीने सांगते.

युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रिक वस्तूंमध्ये सहा-संयुजी क्रोमियमवर बंदी आणली तेव्हा एक्सपोर्टवाल्या गिऱ्हाइकांनी आम्हाला वर्षभर आधी कळवलं की पिवळं पॅसिवेशन (जस्तावर चढवायचा क्रोमियमचा संरक्षक थर) बंद करा, त्रि-संयुजी क्रोमियमवर या. ते वर्ष मी विसरणार नाही. पुरवठादाराचं एक पानी पत्रक सोडून वाचायला काही नव्हतं, बॅचमागून बॅच सॉल्ट स्प्रेमध्ये नापास होत होत्या, पाच टक्के मिठाच्या धुक्यात ३५ डिग्रीला ठेवलेल्या बोल्टवर दुसऱ्या दिवशीच पांढरा गंज. शेवटी पीएच आणि धुण्याच्या पाण्यातल्या लोहाचा दोष आहे हे आम्ही आमचंच शोधून काढलं, आठ महिन्यांनी. त्याच काळात ह्याच विषयावर बाहेर चांगले पेपर आले होते हे मला भाचीच्या लॅपटॉपवर आत्ता, इतक्या वर्षांनी कळलं. आणि आमचे ते आठ महिने कुठेच लिहिलेले नाहीत, ते माझ्या वहीत आहेत.

म्हणून तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी पेपरच्या आकड्याची बातमी आली तर तुमच्या बातमीदाराने फक्त एक प्रश्न विचारावा, हा पेपर कुठल्या प्रश्नावर आहे आणि त्याने काय कळलं, आणि ते दोन ओळी मराठीत छापावं. सांगता येत नसेल तर बातमी नाही छापली तरी चालेल. आणि प्राध्यापक मंडळींना विनंती की एमएस्सीच्या दोन मुलांना सहा महिने एमआयडीसीत पाठवा. मालक लोक आधी नाही म्हणतील, गुपितं बाहेर जातील म्हणून घाबरतील, पण रिन्सच्या पाण्यात जस्त किती वाया जातं हे कुणी फुकट मोजून देत असेल तर नाही म्हणणारा मालक मला माहिती नाही. आमच्या मालकांशी मी बोलून ठेवलंय, ते तयार आहेत.

भाचीने आता नुसत्या फोमचा ग्राफ प्रबंधाच्या परिशिष्टात घालायचं ठरवलंय, गाइडनाही तिने सांगितलं, ते अजून हो म्हणाले नाहीयेत. आणि आमच्या सोसायटीच्या बाल्कनीचा पडलेला तुकडा, आतल्या सळईसकट, मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय, वर फ्लॅटची बाजू, मजला, तारीख आणि खाडीच्या दिशेचा बाण लिहिलाय. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनीही त्यांचे तुकडे जपून ठेवायचं कबूल केलंय. क्लोराइड मोजायला कुठल्या कॉलेजला हवे असतील तर त्यांनी तुमच्या ऑफिसमार्फत कळवावं, मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक प्लेटिंग केमिस्ट, ऐरोली, नवी मुंबई